पद आहे, काम नाही, वेतनाचे काय?

30 जून 2017 च्या मध्यरात्री मुंबईच्या जकात नाक्यांवरची वसुली कायमची थांबली. वस्तू व सेवा कर लागू झाला आणि वर्षानुवर्षे ट्रक अडवून पावत्या फाडणाऱ्या कर्मचाऱ्यांचे काम एका कायद्याने संपले. त्याआधी जुलै 2013 मध्ये देशातली तारसेवा बंद झाली, तेव्हा तारघरांतल्या लोकांचेही हेच झाले. दोन्ही ठिकाणी माणसे दुसरीकडे वळवली गेली. पण काम संपले त्या दिवसापासून नवे काम मिळेपर्यंत त्यांना पगार कशाचा, हा प्रश्न लोकांनी तेव्हाही विचारला आणि आजही विचारतात. पटसंख्या घटल्याने अतिरिक्त ठरलेला शिक्षक, बदलीचा आदेश रद्द झाल्याने मंत्रालयाच्या फेऱ्या मारणारा अधिकारी, निलंबित होऊन घरी बसलेला लिपिक यांच्याविषयीही तोच प्रश्न येतो. यांना वेतन देणे कायद्याला धरून आहे का? ‘काम नाही, वेतन नाही’ हे सूत्र इतके तोंडपाठ झाले आहे की कार्यालयांतली आस्थापना शाखासुद्धा कधीकधी त्याच्या आधारावर बिल अडवून ठेवते, आणि कर्मचारीही मनातून अपराधी होऊन मागणी करायला कचरतो. कायद्याचे उत्तर मात्र पुरेसे स्पष्ट आहे. काम किती झाले यावर वेतनाची कायदेशीरता ठरत नाही. पद रीतसर मंजूर आहे का, कर्मचारी कामासाठी हजर होता का, आणि काम न देण्याचा निर्णय कोणाचा होता, या तीन गोष्टींवर ती ठरते. तुम्ही कर्मचारी असा, वेतन देयकावर सही करणारे अधिकारी असा किंवा कर भरणारे नागरिक, तुमच्यासमोरचे प्रकरण आधी या तीन प्रश्नांवर तपासा.

याचे मूळ शासकीय सेवेच्या स्वरूपात आहे. रोशनलाल टंडन प्रकरणात 1967 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की सरकारी नोकरीची सुरुवात करारातून होत असली, तरी एकदा नेमणूक झाली की कर्मचाऱ्याला एक दर्जा मिळतो आणि त्याचे हक्क व कर्तव्ये नियमांनी ठरतात, दोन पक्षांच्या संमतीने नव्हे. केंद्राच्या मूलभूत नियमांतला अकरावा नियम सांगतो की, वेगळी तरतूद नसेल तर, शासकीय कर्मचाऱ्याचा संपूर्ण वेळ वेतन देणाऱ्या शासनाच्या स्वाधीन असतो. महाराष्ट्राच्या सेवा नियमांतही हेच तत्त्व आहे. सतरावा मूलभूत नियम वेतन पदाच्या धारणेशी जोडतो: पदाचा कार्यभार घेतल्यापासून वेतन सुरू होते आणि त्या पदाची कर्तव्ये सोडल्यावर थांबते, परवानगीशिवाय गैरहजर राहणाऱ्याला त्या काळाचे वेतन नाही. हे दोन्ही नियम एकत्र वाचावेत. शासन कर्मचाऱ्याचा वेळ विकत घेते, त्याला दुसरीकडे कमावण्याची मनाई करते, मुख्यालय सोडायलाही परवानगी मागायला लावते. असा वेळ ताब्यात घेऊन तो वापरला नाही, तर न वापरण्याचा तोटा घेणाऱ्याच्या खात्यावर पडतो. कारखान्यातल्या कामगारासाठी औद्योगिक विवाद अधिनियमाने काम बंद ठेवल्याच्या काळात निम्म्या मोबदल्याची, म्हणजे ‘ले-ऑफ’ची सोय केली होती. सेवा नियमांखालच्या शासकीय कर्मचाऱ्याला अशा रीतीने अर्ध्या पगारावर घरी बसवण्याची सोयच नाही.

मग ‘काम नाही, वेतन नाही’ हे तत्त्व आले कोठून, आणि ते खोटे आहे का? ते खोटे मुळीच नाही. त्याची जागा वेगळी आहे. बँक ऑफ इंडियाच्या कर्मचाऱ्यांनी डिसेंबर 1977 मध्ये चार तासांचा संप केला आणि बँकेने पूर्ण दिवसाचे वेतन कापले. मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या या प्रकरणाचा निकाल 1990 साली बँकेच्या बाजूने लागला. तिथे काम समोर होते आणि कर्मचाऱ्यांनी ते करायचे नाकारले होते. पुढच्याच वर्षी, 1991 मध्ये, जानकीरामन प्रकरणात त्याच न्यायालयासमोर उलटी परिस्थिती आली. विभागीय चौकशीमुळे ज्यांच्या पदोन्नतीचा निर्णय सीलबंद लिफाफ्यात ठेवला होता, ते चौकशीतून निर्दोष सुटले. सरकार म्हणाले, वरच्या पदावर त्यांनी काम केलेले नाही, म्हणून त्या पदाचे वेतन नाही. न्यायालयाने हे मान्य केले नाही. कर्मचारी काम करायला तयार असताना, त्याचा दोष नसताना, प्राधिकाऱ्यांनीच त्याला कामापासून दूर ठेवले असेल तर हे तत्त्व लागू होत नाही, आणि सतरावा मूलभूत नियमही आड येत नाही, असे त्या निकालाने सांगितले. 2007 साली केरळमधून आलेल्या भास्करन पिल्लै प्रकरणात न्यायालयाने ‘काम नाही, वेतन नाही’ला सरसकट नियम मानण्यास नकार दिला आणि प्रत्येक प्रकरणाची वस्तुस्थिती पाहावी असे म्हटले. या निकालांच्या दोन रांगा परस्परविरोधी आहेत असे अनेकदा भासवले जाते. त्या तशा नाहीत. नकार कोणाकडून आला, हा एकच प्रश्न दोन्हीकडे विचारला आहे.

याचा सर्वांत बोलका पुरावा महाराष्ट्राच्याच नियमातून आला. निलंबित कर्मचाऱ्याला काम करण्याची बंदी असते, आणि त्याच्यावर आरोपही असतात. तरीही त्याला निर्वाह भत्ता द्यावा लागतो: सुरुवातीला अर्धवेतनी रजेच्या वेतनाइतका, आणि निलंबन लांबले व लांबण्यात त्याचा दोष नसला तर वाढवून. जुन्या मुंबई नागरी सेवा नियमांत एक परंतुक असे होते की, फौजदारी न्यायालयाने दोषी ठरवलेला आणि अपील प्रलंबित असलेला निलंबित कर्मचारी दरमहा एक रुपया भत्त्यावर राहील. 1983 साली, महाराष्ट्र राज्य विरुद्ध चंद्रभान या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने हे परंतुक रद्दबातल ठरवले. ज्याला दुसरे काम करण्याची मुभा नाही त्याला एक रुपयावर जगायला सांगणे हे मनमानी आहे, ही या निकालामागची भूमिका. दोषी ठरलेल्या माणसालासुद्धा जर शासन उपाशी ठेवू शकत नाही, तर ज्याच्यावर कसलाच आरोप नाही, जो फक्त पदस्थापनेची वाट पाहतो आहे, त्याचे वेतन कोणत्या न्यायाने अडवायचे? निलंबनात असाल तर एक गोष्ट विसरू नका. इतरत्र नोकरी, धंदा किंवा व्यवसाय करत नसल्याचे प्रमाणपत्र वेळच्या वेळी द्या. ते न दिल्याने भत्ता अडला तर दोष तुमच्याकडे येतो. आणि तीन महिने उलटूनही दोषारोपपत्र मिळाले नसेल, तर सर्वोच्च न्यायालयाचा 2015 चा अजयकुमार चौधरी निकाल आणि त्याच्या अनुषंगाने राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने 9 जुलै 2019 रोजी काढलेला शासन निर्णय यांचा आधार घेऊन निलंबनाचा फेरविचार लेखी मागा.

पदस्थापनेची वाट पाहणाऱ्यांची संख्या राज्यात नेहमीच मोठी असते, म्हणून तिथे जरा थांबायला हवे. रजेवरून परत आलेला, प्रतिनियुक्ती संपलेला, किंवा बदलीच्या आदेशाने जुना कार्यभार सोडलेला पण नव्या जागी दुसराच कोणी बसलेला असा अधिकारी या गटात येतो. महाराष्ट्र नागरी सेवा (सेवेच्या सर्वसाधारण शर्ती) नियम, 1981 यांतल्या ‘कर्तव्या’च्या व्याख्येत सक्तीच्या प्रतीक्षेचा काळ येतो. म्हणजे आदेशाची वाट पाहण्यात गेलेले दिवस हे कर्तव्याचेच दिवस धरता येतात. त्यांचे वेतन, वेतनवाढ, निवृत्तिवेतनासाठीची सेवा सगळे शाबूत राहते. फक्त ते आपोआप होत नाही. तो काळ सक्तीची प्रतीक्षा म्हणून नियमित करण्याचा आदेश सक्षम प्राधिकाऱ्याने काढावा लागतो आणि तोवर कोषागार बिल स्वीकारत नाही. नेमके इथेच बहुतेकांचे नुकसान होते, कारण प्रतीक्षा सक्तीची होती हे दाखवणारा कागदच त्यांच्याकडे नसतो. कार्यमुक्त झालात त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, ज्या विभागाने तुम्हाला पद द्यायचे आहे तिथे रुजू अहवाल द्या. त्यात ‘मी कर्तव्यावर हजर होत असून पदस्थापनेचे आदेश मिळावेत’ असे स्वच्छ लिहा, आवक शाखेत दाखल करा आणि प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. अहवाल घेतला नाही तर स्पीड पोस्टने किंवा कार्यालयीन ईमेलने पाठवा. त्यानंतर दर काही आठवड्यांनी स्मरणपत्र द्या. तोंडी विचारपूस, साहेबांच्या दालनाबाहेरची वाट पाहणे, ओळखीच्या कक्ष अधिकाऱ्याला केलेले फोन, यांतले काहीच पुढे पुरावा म्हणून उभे राहत नाही. याच काळात सोयीच्या गावाची मागणी करत राहिलात आणि दिलेल्या जागी रुजू झाला नाहीत, तर प्रतीक्षा सक्तीची उरत नाही. ती तुमची होते, आणि वेतनाचा दावा तिथेच ढासळतो. दरम्यान खासगी शिकवणी, सल्लागारी, दुकानावर बसणे यांतले काहीही टाळा. औरंगाबादच्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने मागील वेतनाविषयी सांगितलेली रीत लक्षात ठेवण्याजोगी आहे: आपण या काळात अन्यत्र कमावत नव्हतो हे कर्मचाऱ्याने आधी सांगावे, मग ते खोटे असल्यास सिद्ध करण्याचा भार मालकावर जातो. हे सांगणारे वाक्य तुमच्या प्रत्येक अर्जात असू द्या.

अनुदानित शाळांतले शिक्षक तांत्रिकदृष्ट्या संस्थेचे कर्मचारी असले तरी त्यांचे वेतन शासनाच्या तिजोरीतून निघते, त्यामुळे हा वाद तिथेही तितकाच धारदार आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी 61 ते 90 मुलांना तीन आणि 91 ते 120 मुलांना चार शिक्षक लागतात. पट 92 वरून 88 वर आला की चार मुलांमुळे एक शिक्षक अतिरिक्त ठरतो. त्या शिक्षकाने काय चूक केली? गावातली कुटुंबे शहराकडे गेली, शेजारी इंग्रजी माध्यमाची शाळा निघाली, जन्मदर घटला. यातले एकही कारण त्याच्या हातात नव्हते. 1977 च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्याच्या पाचव्या कलमात म्हणूनच अशी तरतूद आहे की, नवी नेमणूक करण्याआधी संस्थेने अतिरिक्त शिक्षकांच्या यादीत पात्र माणूस आहे का हे शिक्षणाधिकाऱ्याकडे विचारावे. कायद्याचा रोख समायोजनाकडे आहे, वेतन तोडण्याकडे नाही. अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकाने म्हणून संचमान्यतेची, म्हणजे शाळेच्या मंजूर पदांच्या पत्रकाची, प्रत मागून घ्यावी, सेवाज्येष्ठता यादीत आपला क्रम बरोबर आहे का ते पाहावे, हरकत असेल तर ठरलेल्या मुदतीतच लेखी घ्यावी आणि समायोजनाचा आदेश मिळाला की आधी रुजू व्हावे, भांडण नंतर करावे. जुनी शाळा कार्यमुक्त करत नाही आणि नवी शाळा रुजू करून घेत नाही, ही कात्री नेहमीची आहे. अशा वेळी दोन्ही मुख्याध्यापकांना आणि शिक्षणाधिकाऱ्यांना एकाच दिवशी पत्र द्या, म्हणजे कोणत्या दारातून नकार आला हे तारखेसह नोंदले जाईल.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप करदात्याचा आहे, आणि तो मनापासून ऐकायला हवा. काम नसलेल्या माणसावर सार्वजनिक पैसा खर्च करणे हा अपव्यय आहे, आणि संविधानाच्या 266 व्या अनुच्छेदाप्रमाणे एकत्रित निधीतून कायद्याला धरून असल्याशिवाय एक पैही काढता येत नाही. दोन्ही विधाने खरी आहेत. पण त्यांतून वेतन अडवण्याचा अधिकार निघत नाही. मंजूर पदाचे वेतन विधिमंडळाने संमत केलेल्या विनियोजनातून जाते. ते कायद्याला धरूनच असते. अपव्यय थांबवायचा असेल तर शासनाकडे त्याहून मोठे हत्यार आहे: पदच रद्द करणे. रामनाथ पिल्लै प्रकरणात 1973 साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की पद निर्माण करणे व रद्द करणे हा शासनाचा अधिकार आहे आणि प्रामाणिकपणे पद रद्द झाल्याने नोकरी गेली तर ती 311 व्या अनुच्छेदाखालची शिक्षा ठरत नाही. तमिळनाडूने 1980 साली गावकामगारांची अंशकालीन पदे एका फटक्यात रद्द केली, ती कृतीही 1982 साली सर्वोच्च न्यायालयात वैध ठरली. पद रद्द झाल्यावर पात्र कर्मचाऱ्याला भरपाई निवृत्तिवेतन देण्याची, किंवा केंद्राने 1990 च्या नियमांनी केली तशी अतिरिक्त कर्मचाऱ्यांना इतर विभागांत वळवण्याची सोय आहे. पद रद्द करायला मात्र आकृतिबंध, म्हणजे मंजूर पदांची रचना, तपासावा लागतो, वित्त विभागाची संमती घ्यावी लागते, कारणे लिहावी लागतात आणि न्यायालयात त्यांचे समर्थन करावे लागते. वेतन अडवणे सोपे असते, कारण त्यासाठी कोणालाच कसला निर्णय घ्यावा लागत नाही. पद तसेच ठेवायचे, माणसाला काम द्यायचे नाही आणि पगारही द्यायचा नाही, ही काटकसर नव्हे. प्रशासनाने स्वतःच्या अनिर्णयाचे बिल सर्वांत दुबळ्या माणसाच्या नावावर फाडणे आहे. करदात्याने संताप त्या अनिर्णयावर काढावा. माहिती अधिकाराखाली विचारा: या कार्यालयाचा मंजूर आकृतिबंध काय, भरलेली पदे किती, पदस्थापनेच्या प्रतीक्षेत किती जण आणि किती दिवसांपासून, त्यांना पद देण्याचा प्रस्ताव कोणत्या टेबलावर आहे? याच कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे प्रत्येक अधिकारी-कर्मचाऱ्याचे मासिक वेतन तर कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायचे असते.

तिजोरीत खडखडाट असेल तर? हाही प्रश्न 2020 च्या टाळेबंदीत समोर आला. बहुतेक कार्यालये जवळजवळ बंद होती, बहुसंख्य कर्मचारी घरी होते. महाराष्ट्राने मार्च 2020 चे वेतन दोन टप्प्यांत दिले. वरच्या गटांना पहिल्या टप्प्यात कमी, चतुर्थ श्रेणीला पूर्ण. वेतन पुढे ढकलले गेले, बुडवले गेले नाही. आंध्र प्रदेशानेही असेच वेतन व निवृत्तिवेतन लांबणीवर टाकले, आणि 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने ती थकबाकी सहा टक्के व्याजासह द्यायला लावली. अडचण खरी असली तरी उशिराची किंमत शासनानेच मोजावी, असे त्या निकालातून दिसते.

दुसरा आक्षेप असा की या युक्तिवादाने कामचुकारांना आणि बोगस नेमणुकांना कवच मिळेल. मिळत नाही, कारण सुरुवातीचे तीन प्रश्न त्यांना बाहेर ठेवतात. हजेरीपत्रकावर सही करून निघून जाणारा कामासाठी हजर नसतोच; त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई व्हावी आणि गैरहजेरीचे वेतन कापले जावे. ज्याची नेमणूकच खोटी आहे त्याच्यामागे मंजूर पद किंवा वैध आदेश नसतो. 2025 मध्ये नागपूर विभागात उजेडात आलेल्या शिक्षकांच्या ऑनलाइन वेतनप्रणालीतल्या बोगस शालार्थ आयडींच्या प्रकरणाला म्हणूनच समायोजनाच्या प्रतीक्षेतल्या शिक्षकांशी जोडणे अन्यायाचे आहे. रोजंदारीवरच्या माणसाची स्थिती मात्र वाईट आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या उमादेवी निकालानंतर रीतसर निवडीशिवाय लागलेल्याला पदावर हक्क सांगता येत नाही, आणि काम संपले की त्याचे दाम थांबते. हे कायद्याने बरोबर असले तरी ते मनाला सलणारे आहे. त्याचा विचार वेगळ्याने, विधिमंडळाच्या पातळीवर व्हायला हवा. कार्यालयप्रमुखांनी एक खबरदारी घ्यावी. काम न दिलेल्या कर्मचाऱ्याला तोंडी ‘घरी राहा’ असे कधीही सांगू नका. काम नसेल तर तसे लेखी नोंदवा, वरिष्ठांना कळवा आणि मिळेल ते तात्पुरते काम आदेशाने द्या. तोंडी आदेशाने घरी बसवलेल्या माणसाच्या वेतनावर लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, तर उत्तर तुम्हालाच द्यावे लागते.

वेतन दिले गेले आणि मग कोणी वसुली काढली, असेही घडते. रफीक मसीह प्रकरणात डिसेंबर 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चुकीने दिलेल्या जादा रकमेची वसुली काही परिस्थितींत निषिद्ध ठरवली: तृतीय व चतुर्थ श्रेणीचे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात निवृत्त होणारे, आणि जिथे वसुलीच्या आदेशापूर्वी पाच वर्षांहून अधिक काळ ती रक्कम दिली जात होती अशी प्रकरणे त्यांत येतात. पण जादा रक्कम परत करीन असे हमीपत्र आधी दिलेले असेल तर 2016 च्या जगदेवसिंह निकालाने ते बंधनकारक होऊ शकते. वेतननिश्चितीच्या वेळी समोर ठेवलेल्या छापील हमीपत्रावर वाचल्याशिवाय सही करू नका.

दाद कोठे मागायची, याचे उत्तर तुम्ही कोण आहात यावर आहे. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याने महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे मॅटकडे, जावे. मुंबईखेरीज नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे त्याची खंडपीठे आहेत. आधी विभागाकडे निवेदन देऊन सहा महिने वाट पाहावी लागते आणि त्यानंतर एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. नकाराचा अंतिम आदेश आला असेल तर त्या तारखेपासून वर्ष मोजा. अनुदानित शाळेतल्या शिक्षकाला बडतर्फी किंवा पदावनतीविरुद्ध तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करता येते. केवळ अडवलेल्या वेतनासाठी मात्र बहुधा उच्च न्यायालयात रिट करावी लागते. वेतन दर महिन्याला थकत असल्याने तो चालू राहणारा अन्याय मानला जातो आणि उशीर झाला म्हणून दार एकदम बंद होत नाही. तरी सर्वोच्च न्यायालयाच्या 2008 च्या तरसेमसिंह निकालाप्रमाणे अशा प्रकरणांत थकबाकी सामान्यतः रिट दाखल करण्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. पाच वर्षे स्मरणपत्रे पाठवत बसलेल्या माणसाची पहिली दोन वर्षे अशीच हातची जातात.